वीराचं पाणी

एरंडोलकडच्या आमच्या गावाला गिरणेच्या काठावर एक गढी आहे. स्वराज्य आल्यावर तिथली कचेरी उठली आणि गावाने गढीत संग्रहालय मांडलं. घरोघरून भांडी, तलवारी, पगड्या जमल्या. माझ्या सासऱ्यांना मिरवायची भारी हौस. त्यांनी देव्हाऱ्यातला वीराचा टाकच उचलून दिला.

वीर म्हणजे आमच्या घराण्यातला पूर्वज. गढीला वेढा पडला तेव्हा खाली नदी दिसत असताना तो वर पाण्यावाचून गेला. चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती होती, आणि तिच्यापुढे भरलेला तांब्या ठेवल्याशिवाय घरात कुणी जेवत नसे. ज्या जागी तो तडफडून मेला, तिथेच सासऱ्यांनी त्याला मानाने नेऊन बसवलं. आता काय बोलायचं?

संग्रहालयाची राखण माझ्या नवऱ्याकडे आली. हळूहळू त्यांचं बोलणं आटलं. घरी आले की थेट माठाकडे जायचे, उभ्यानेच पीत सुटायचे, तरी ओठ कोरडे. वैद्यांना काही सापडलं नाही. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि मी फार घाबरले होते.

एक दिवस सासूबाई हळूच म्हणाल्या, "पोरी, वीरले तठे पानी कोन देस?"

टाक परत मागितला तर गावात नाक कापलं जाईल, असं सासऱ्यांचं म्हणणं. मग मीच भर दुपारी तांब्या घेऊन गढीत गेले. हे बाहेरच्या ओसरीत गाढ झोपले होते. आतल्या दालनात बाहेरच्या उन्हाचा मागमूस नव्हता. टाक ठेवलेल्या काचेच्या कपाटापुढे तांब्या ठेवला, हात जोडले आणि मागे न बघता निघाले.

संध्याकाळी हे रिकामा तांब्या घेऊन आले. माठाकडे वळलेच नाहीत. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून हसले. सुटलो आपण, असं वाटून मला रडू आलं.

"आज तहान नही लागनी का?" मी विचारलं.

"तू आनेल पानी पिधं ना मी."

"ते तर मी वीरपुढे ठेवं व्हतं."

"मन्हापुढेच ठेवं ना तू," ते म्हणाले. "हात बी जोडात."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तांब्या भरून नेला. नवरा हवा होता मला, दुसरं करणार काय? पण हात कुणाला जोडतेय, ते मला कळत नव्हतं.