व्हिडिओपुरत्या बांगड्या

आमच्या घरात सुनेने मोबाईल वापरायला हरकत नव्हती. मोबाईलमध्ये सुनेचं तोंड दिसायला मात्र होती. म्हणून मी नुसते हात दाखवले. पुढे जे काही झालं, ते या शहाणपणातूनच झालं.

सोनईच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला आमची वस्ती. घरात सासूबाई, माझा नवरा, मी, धाकटे दीर आणि जाऊ. नवरा दुधाचा टेम्पो चालवायचा, दीर शेती बघायचे. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. मी उन्हाळ्यात कुरडया, पापड, शेवया करून विकायचे, पण विकायचे म्हणजे काय, ओळखीपाळखीत. ओळखीची माणसं माल आधी नेतात आणि वर चव कशी होती तेही ऐकवून जातात.

मग बचत गटातल्या बायकांना तालुक्याच्या गावी शिकवणीला बोलावलं. तिथे एका मॅडमनी मोबाईलवर धंद्याचा व्हिडिओ कसा करायचा ते सांगितलं. बाई सरळ होत्या. म्हणाल्या, कॅमेरा नको, लाइट नको, स्टुडिओ नको. दारातून सकाळचा उजेड येतो तो फुकटचा, त्यात बसा. आवाज घुमला तर मागच्या भिंतीला गोधडी टांगा. नमस्कार-चमत्कार नंतर, आधी जिन्नस दाखवा. आणि काम थांबवून बोलू नका, काम करता करता बोला. बाकीच्या बायका चहाची वाट बघत होत्या. मी एकेक शब्द डोक्यात भरून घेतला.

घरी येऊन पिठाच्या डब्यावर पाट ठेवला, पाटावर पातेलं उपडं घातलं आणि त्याला टेकून मोबाईल उभा केला. सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "काय करायचं ते कर. पन तोंड दिसता कामा न्हाई. पाव्हनेरावळे समदे बघत्यात." मी मोबाईल खाली वाकवला. आता त्यात फक्त सोऱ्या, ताट आणि माझे हात दिसत होते.

ज्यांनी कुरडई केली नाही त्यांना सांगते. गहू भिजवायचा, वाटायचा, गाळून त्याचा पांढरा चीक काढायचा आणि तो चुलीवर हाटायचा. शिजत आला की त्याला मोठे बुडबुडे येतात आणि ते फटाफटा फुटतात. माझा व्हिडिओ त्या आवाजाने सुरू व्हायचा. मग गरम चीक सोऱ्यात भरून मी गोल पिळायचे. चीक गार झाला की कुरडई तुटते, म्हणून हात पटपट चालवावा लागतो. हात फिरला की हिरव्या बांगड्या वाजायच्या. मी बोलत राहायचे, मीठ किती, हिंग केव्हा, ऊन कुठलं चांगलं. शेवटी आमचा नंबर सांगायचे.

लोकांना ते आवडलं. का आवडलं मला सांगता येणार नाही. पुण्याच्या बायका लिहायच्या, आईची आठवण आली. कुणी लिहायचं, बांगड्यांचा आवाज आला की कळतं, नगरच्या ताईंचा व्हिडिओ आला. मग लग्नाच्या ऑर्डरी यायला लागल्या. रुखवतात मांडायला रंगीत कुरडया, फुलाच्या आकाराचे पापड, गव्हल्या. नवरा दुधाच्या फेरीवरून येताना पार्सलच्या पिशव्या घेऊन यायचा. रात्री जेवताना मोबाईल पुढे धरून म्हणायचा, "बघा, आमच्या बाईचे हात जिल्ह्याभाईर गेले, आमी अजून घोडेगाव ओलांडलं न्हाई." त्याला माझं कौतुक होतं आणि ते तो चारचौघांत बोलून दाखवायचा. असे नवरे आमच्याकडे फार नाहीत.

चेहरा झाकला की बाई झाकली गेली, असं आमच्या घरच्यांना वाटलं. मलाही वाटलं. आमच्याकडे बाईचं सगळं हातावरच लिहिलेलं असतं, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

नवरा एका सकाळी टेम्पो धुताना छातीला हात लावून खाली बसला आणि परत उठला नाही. याच्यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या. आमच्या गावाने, असल्या प्रथा बंद, असा ठराव ग्रामसभेत केलेला होता. दिरांनी हात वर करून पाठिंबा दिला होता आणि तसा फोटो स्टेटसला ठेवला होता. बांगड्या फोडताना ते ओसरीवर खाली मान घालून बसले होते. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, एवढंच म्हणते. सासूबाई स्वतः रिकाम्या हाताच्या. त्यांनीच माझं मनगट धरलं होतं.

उन्हाळा आला तशी मी पुन्हा गहू भिजवला. माणूस गेला तरी हातांना सवय असते, आणि रिकामं बसलं की मला घर खायला उठायचं. व्हिडिओ केला, टाकला. दोन दिवसांत जामखेडकडच्या एका नातेवाइकांचा दिरांना फोन आला. त्यांच्या पुतणीच्या रुखवताची ऑर्डर आमच्याकडे होती. ते म्हणाले, शुभकार्याचा माल आणि त्यात असले हात दाखवता, तुम्हाला काही कळतं की नाही. दिरांनी फोन ठेवला, माझा व्हिडिओ पुसला आणि मग मला सांगितलं.

"वहिनी, माझं काय न्हाई. पन गिऱ्हाईक लई नाजूक असतं."

"माल मीच करते, भाऊजी. तो चालतो का गिऱ्हाइकाला?"

"ते कुठं दिसतंय?" दीर म्हणाले. ते खरं बोलत होते, हे मान्य केलं पाहिजे.

तेव्हापासून व्हिडिओत जावेचे हात आले. जाऊ भली आहे, तिचा यात काही दोष नाही. पण तिला कुरडई येत नाही. चीक चटका देतो म्हणून ती थांबते आणि थांबलं की पीळ तुटतो. मग असं ठरलं की मी माडीवर कुरडया घालायच्या, आणि वाळलेल्या कुरडया तिने ताटात मांडून दाखवायच्या. मी मोबाईलच्या मागे बसून बोलायचं. हात तिचे, आवाज माझा, कष्ट माझे, बांगड्या तिच्या. ती माझ्याकडे न बघता कुरडया मांडायची. एकदा हळूच म्हणाली, "अक्का, मला लाज वाटती." मी म्हटलं, "तुला वाटती तेवढं तरी बरं."

मला राग कशाचा आला होता, ते सरळ लिहिते. नवरा गेला, ते दैव म्हणावं. कपाळ पुसलं, तेही सगळ्यांचं पुसतात. पण या जगात माझं म्हणून काही असेल तर ते हातांचं काम होतं. अनोळखी लोकांनी ते ओळखलं होतं. ते माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या हातांना चिकटवलं गेलं आणि वरून आवाज माझाच मागितला. मला माझे हात परत पाहिजे होते.

लोक काही आंधळे नसतात. व्हिडिओखाली विचारायला लागले, ताई आता पिळून का दाखवत नाहीत, दुसरीकडून आणून विकता का? मागणी गळाली. मग दिरांनी ठरवलं की पुढच्या लग्नसराईच्या तोंडावर लाइव्ह करायचं. लाइव्हला काटछाट नसते, लोकांचा विश्वास बसतो, पैसा लागत नाही. हे त्यांना मीच सांगितलं होतं. पण लाइव्हमध्ये पिळणार कोण?

लाइव्हच्या दिवशी सकाळी दीर सोनईला जाऊन आले आणि कागदात गुंडाळलेली वस्तू त्यांनी माझ्यापुढे ओट्यावर ठेवली. हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या.

"वहिनी, एवढ्या घाला. व्हिडिओपुरत्या. झालं की काढा."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "घरातच हाय. कोन बघतंय." पुढे हजारभर माणसं बघणार होती, पण ती त्यांच्या हिशेबात नव्हती. वस्तीवरच्या चार बायका बघणार नव्हत्या, तेवढं पुरे होतं.

बांगड्या जावेच्या मापाच्या होत्या. माझं माप कुणी विचारलं नव्हतं. साबण लावून एकेक चढवली, अंगठ्याशी कातडं सोललं. ज्या हाताला बांगडी घालणं पाप होतं, त्याला ती धंद्यासाठी चालत होती. मी चुलीकडे वळले. चीक बुडबुडायला लागला होता आणि तो थांबत नाही.

लाइव्ह सुरू झालं. मी पिळायला घेतलं आणि मोबाईलमागून दीर लोक काय लिहितात ते वाचून दाखवायला लागले. लोक खुश होते. आल्या, आल्या, आमच्या ताई आल्या. तोच आवाज, त्याच बांगड्या. मग कुणीतरी विचारलं, ताई, इतके दिवस कुठे होतात? दिरांनी ते वाचलं आणि हळू आवाजात मला म्हणाले, "सांगा, माहेरी गेल्ते म्हनून."

तोपर्यंत मी सगळं गिळलं होतं. हे गेलं नाही.

हात न थांबवता मी म्हटलं, "मी कुठे गेले नव्हते. माझे मालक वारले. मी इथेच होते. गेल्या लग्नसराईतला सगळा माल याच हातांनी केला, फक्त तेव्हा हे हात रिकामे होते म्हणून तुम्हाला दाखवले नाहीत. या बांगड्या आज आणल्या आहेत, व्हिडिओपुरत्या. ज्यांना रिकाम्या हाताचा माल चालत नसेल त्यांनी घेऊ नये."

कुरडई पुरी झाली. दिरांनी मोबाईल उचलून बंद केला.

मग सासूबाई म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण." दीर न जेवता मळ्यात गेले. मी उरलेला चीक पिळून संपवला. तो टाकून देणं जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी कळलं की ते लाइव्ह कुणीतरी उतरवून घेतलं होतं आणि ते या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरत होतं. दिरांचा फोन सारखा वाजत होता. जामखेडच्या पाहुण्यांनी यंदाची ऑर्डर रद्द केली. बाकी कुणीच केली नाही. उलट नव्या आल्या, किती आल्या ते दीर जावेला पुन्हा पुन्हा सांगत होते. लोकांनी लिहिलं होतं, सलाम ताई, डोळ्यांत पाणी आलं ताई. त्यांच्या घरच्या लग्नात नवऱ्या मुलीला हळद लावायला एखाद्या रिकाम्या हाताच्या बाईला पुढे बोलावतात का, हे मला विचारावंसं वाटलं. आणि त्यांच्या खाली लगेच, किलोचा भाव काय.

तरी खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आता माझे हात मला मिळाले असं मी समजले. एवढा भाबडेपणा माझ्यात कुठून आला होता कोण जाणे.

दुपारी दीर माझ्याजवळ येऊन बसले. इतकं गोड ते बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते. "वहिनी, काल जरा राग आल्ता, सोडून द्या. पन लोकांला भावलंय बघा. आता दर व्हिडिओत तुमीच. सुरुवातीला थोडं दादाबद्दल बोलायचं. रडायचं न्हाई, आवाज जरा बसका ठिवायचा. साडी फिकी. मागं गाणं मी टाकतो." त्यांनी बोलायची वाक्यंसुद्धा तयार करून आणली होती. त्यात माझा संसार उन्मळून पडला होता आणि कुरडईने मला आधार दिला होता.

मी ऐकत होते. मग ते माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "अन् तेवढ्या बांगड्या काढा. रिकामा हातच दिसला पायजे. व्हिडिओपुरत्या काढा, मग काय ते तुमी बघा."

साबण लावला असता तर निघाल्या असत्या.

"काढनार न्हाई, भाऊजी," मी म्हटलं.

"अवो, पन काल घालायला लाजत हुता ना तुमी?"

"घातल्या तुमच्यासाठी. आता ऱ्हावू द्या माझ्यासाठी."

त्यांनी सासूबाईंकडे बघितलं, की आता म्हातारी हिला सरळ करील. सासूबाई उठून माझ्याजवळ आल्या. माझं मनगट धरलं, तसंच धरलं जसं त्या दिवशी धरलं होतं. बांगड्यांखालचं सोललेलं कातडं बघितलं. "लई घट्ट हायेत," म्हणाल्या, आणि खोबरेल तेलाची बाटली माझ्यापुढे ठेवून आत गेल्या. तेल कातड्याला लावायला दिलं की बांगड्या काढायला, ते मी त्यांना विचारलं नाही. कातड्याला लावलं.

दीर त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलतात. व्हिडिओत पुन्हा जावेचे हात आहेत. मी आवाज देत नाही, म्हणून त्यावर एक रडकं गाणं असतं. माल अजून मीच करते, कारण घर त्याच्यावर चालतं आणि त्या घरात मीही जेवते. नवे बघणारे त्या हातांनाच ताई म्हणतात. वस्तीवरच्या बायका माझ्या मनगटाकडे बघतात आणि मग दुसरीकडे बघतात. हळदी-कुंकवाला बोलावणं येत नाही, ते आधीही आलं नव्हतं.

भांडी घासताना दोन बांगड्या तडकल्या. परवा सोनईच्या बाजारात गेले आणि बांगड्यांच्या दुकानात बसले. कासारीण वयस्कर होती. तिने माझ्या कपाळाकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं असणार, तिचा जन्म बायकांचे हात धरण्यात गेलेला. मी वाट बघत होते, की आता विचारील, कुणासाठी पाहिजेत.

तिने माझा हात मांडीवर ओढून घेतला, बोटं दाबून माप बघितलं आणि माझ्या मापाच्या हिरव्या बांगड्या काढल्या.

"हात सैल सोड," ती म्हणाली. "किती आवळून धरलाय."