गिटारीला काढलेली जवारी

शाळा मी सातवीत सोडली. त्यानंतर कुणी हातात कागद-पेन्सिल दिली की मला घाम फुटायचा. मिरजेच्या सतारीच्या कारखान्यात त्याची गरज पडत नसे. माप बोटांनी नाहीतर दोऱ्यानं. माझं गाव पाटणच्या वर डोंगरात. सत्तरच्या दशकात तिथून मिरज म्हणजे आम्हाला परमुलूखच. चार वर्षं मी भोपळे घासले, पॉलिश केलं. लग्न झालेलं, बायको गावी. कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकांना सगळे चाचा म्हणत. ते म्हणाले होते, "एक वाद्य पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं कर. वाजलं तर कारागिरांच्या ओळीत बस, बायकोला घिऊन ये. न्हाई वाजलं तर गड्या, भात लावायला तुझं गाव हायच." ते हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही.

ते वाद्य नेमकी गिटार निघाली. इस्पितळातल्या एक नर्सबाई वारलेल्या वडिलांची गिटार घेऊन आल्या. वरची फळी, म्हणजे तबली, खचलेली, कडेला वाळवी. म्हणाल्या, "दुरुस्ती नको. हिच्यासारखीच नवी करा, आतूनसुद्धा."

"सतारी लय केल्या बाई," चाचा म्हणाले, "पण हिचं पोट कवा उघडलं न्हाई." मग माझ्याकडे बोट केलं. "ह्यो करंल."

मी पाठ उघडली. सतारीची तबली जाड, आपल्या बळावर उभी राहते. हिची तबली रुपयाच्या नाण्याहून जराशीच जाड, आणि सहा पोलादी तारांचा ताण तिच्यावर. तो ताण पेलायला आतून लाकडाच्या दोन लांब पट्ट्या फुलीसारख्या चिकटवलेल्या. जिथं एकमेकींना छेदतात तिथं दोघींना अर्धी अर्धी खाच. त्यांच्याखाली दोन तिरप्या पट्ट्या, टोकाला तासून कागदासारख्या केलेल्या. मी केरसुणीच्या हिरांचे तुकडे करून प्रत्येक पट्टीचं माप घेतलं. खाच दोनदा चुकली, पट्ट्या दोनदा नव्या केल्या. देवदाराची तबली कडेला धरून टिचकी मारायची, कानाशी न्यायची, पुन्हा तासायचं. जास्त तासलं तर तारा तबलीला खाली बसवणार, कमी तासलं तर गिटार मुकी राहणार. थांबायचं कुठं, हे सांगणारं कुणी नव्हतं. जेवताना घास हातात राहायचा आणि बोटं ताटावर टिचक्या मारायची.

दोन महिन्यांनी सरस वाळला, पाठ बसली. तारा पेलणाऱ्या घोडीवर हाडाची पट्टी बसवली, कानस फिरवली, तारा चढवल्या आणि नर्सबाईंना निरोप धाडला.

त्यांनी तारा छेडल्या. प्रत्येक सूर झणझणत लांबत गेला. त्या थांबल्या. "गोड आहे," म्हणाल्या, "पण बाबांची अशी बोलत नव्हती. ही तंबोऱ्यासारखी बोलते."

आतली एखादी पट्टी सुटली असणार. सरस सोडवून पाठ पुन्हा उघडायला मी सुरी तापवायला घेतली, तर चाचांनी मनगट धरलं. दुसऱ्या हाताचं नख त्यांनी हाडाच्या पट्टीवरून फिरवलं.

"हे काय केलंस रं?"

"जवारी काढली," मी बोलून गेलो, आणि बोलल्यावर मला कळलं.

सतारीच्या घोडीचा माथा आम्ही घासून जवळजवळ सपाट करतो. तार त्याला घासत राहते, म्हणून सूर रेंगाळतो. तीच जवारी, आणि आमच्या कारखान्याचं नाव तिच्यावरच. गिटारीला लागते नुसती अरुंद धार. जुन्या गिटारीवर ती होती, डोळ्यांसमोर होती. बाकी सगळ्याला मी हीर लावला होता. तेवढं एक मोजलं नव्हतं, कारण ते माझ्या हाताला येत होतं.

आता चाचा गावाचा रस्ता दाखवणार, म्हणून मी खाली बघत उभा राहिलो. चाचा नर्सबाईंना म्हणाले, "चूक त्याची एकट्याची न्हाई. ह्यो कानस मारत हुता तवा मी शेजारीच च्या पीत बसलो हुतो. मला बी लय झ्याक वाटलं."

नर्सबाई हसल्या. "मग थांबते मी," म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

मी नवं हाड घेतलं. सवय हाताला पुन्हा सपाटीकडे ओढत होती. धार राखली. तारा चढवल्या.

या वेळी सूर निघाला, भरला आणि जिथं थांबायचं तिथं थांबला. त्यांनी चर्चमधलं काहीतरी वाजवलं. कारखान्यातल्या कानशी थांबल्या. वाजवून झाल्यावर त्यांनी तळहात तबलीवर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

त्या गेल्या. चाचांनी कारागिरांच्या ओळीतलं आपलं बसकूर हातभर सरकवलं, आणि मोकळ्या जागेतला भुसा फडक्यानं झाडला.

त्या दिवशी मी कुणाला न विचारता पेन्सिल घेतली आणि गावी बायकोला कार्ड लिहिलं: खोली बघतोय. येताना जातं आणू नको, इथं गिरणी जवळ आहे.