बँडवाल्यांच्या चेहऱ्यांवरचं धुकं

माझ्या मित्राला सगळे डिंक्या म्हणतात. शाळेत डिंकाने त्याची दोन बोटं एकमेकांना चिकटली होती. ती सुटेपर्यंत मास्तरांना शिकवणं बाजूला ठेवावं लागलं. पुढे त्याने चिकटवण्याचाच धंदा केला.

अंगठ्याएवढी शोभेची माणसं. त्याची ताई ती रंगवते. त्यांच्या पायाखालची जमीन तो करतो. लाकडी चकती, तिच्यावर वाळू, बुचाच्या तुकड्यांचे दगड, गवताचे बारीक तंतू. काम सोपं दिसतं. पण तळव्यावर रंग राहिला तर गोंद नुसत्या रंगाला धरतो, आणि धक्का लागला की माणूस रंग मागे सोडून निघून येतो. म्हणून डिंक्या आधी तळवा खरवडतो, पायात तार बसवतो, ती चकतीत रोवतो. मग पांढऱ्या गोंदाने वाळू आणि गवत. मग दिवसभर सुकू देणं. शेवटी ताई प्रत्येक चकतीवरून अंगठा फिरवते. एक कण सुटला तरी म्हणते, "यापेक्षा तुझी बोटं पक्की चिकटली होती."

ताईचा एक डोळा मागेच गेला. दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं: धुकं दिसलं तर त्याच दिवशी या, वाट बघू नका. तेव्हापासून त्या घरात धुकं हा शब्द कोणी काढत नाही. हवेबद्दल बोलतानासुद्धा.

त्या एका डोळ्याने तिने एक बँडपथक रंगवलं. खिडकीत बसून, भिंगातून. प्रत्येकाच्या कोटाला बटणं, प्रत्येकाची नजर वेगळी. डिंक्याला त्यांना हात लावायचीच धास्ती वाटायची. असं काम ती पुन्हा करू शकेल, याची खात्री कोणालाच नव्हती.

पथकाच्या गिऱ्हाइकाने निरोप धाडला की मी एक दिवस आधीच येतो. डिंक्याचं धाबं दणाणलं. पांढरा गोंद सुकणार कधी? त्याने क्षणात धरणारा गोंद घेतला आणि वाळू-गवत त्या गोंदानेच बसवलं. धूळ नको म्हणून सगळ्यांवर काचेचं झाकण घातलं. एकटा ढोलवाला बाहेर राहिला. त्याची चकती अजून कोरीच होती.

दुपारी मी गेलो तेव्हा डिंक्या झाकण हातात धरून उभा होता. त्या गोंदाची वाफ कोंडली की रंगावर जाऊन बसते. हे त्याला माहीत होतं, घाईत आठवलं नव्हतं. चेहरे, बटणं, तुताऱ्या, सगळ्यांवर पांढुरका थर. तो कुजबुजला की तेलाचा बारीक हात फिरवला तर निघेल, तेवढा वेळ ताईला स्वयंपाकघरात अडकवून ठेव. मी चहा मागितला. ताई म्हणाली, आधण ठेवलंय, आणि सरळ येऊन टेबलाशी बसली.

तिने तुतारीवाला उचलला. भिंगाखाली धरला. भिंग रुमालाने पुसलं. पुन्हा धरला. खुर्ची खिडकीकडे ओढली.

"आज उजेड कमी आहे का रे?"

बाहेर लख्ख ऊन होतं. डिंक्या नुसतं हो म्हणाला असता तर निदान त्या वेळेपुरता सुटला असता. ताईने तुतारीवाला दोन्ही हातांत धरला.

"धुकं दिसतंय," ती म्हणाली.

"तुझे डोळे नाहीत, ताई. मी माती केली." आणि त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. मीही म्हणालो की मलाही पांढरंच दिसतंय.

ताईने तुतारीवाला खाली ठेवला. मग म्हणाली, "गाढवा, जीव गेला असता माझा." आणि हसायला लागली. आम्हीही हसलो. डिंक्याने ब्रश तेलात बुडवून पहिल्या चेहऱ्यावर फिरवला. गाल लाल झाला. ताई शिव्या देत त्याला गाढवावरून बैलावर नेत होती. बोलता बोलता तिने ढोलवाला उचलला आणि भिंगाखाली धरला.

ती बोलायची थांबली.

"यालाही तोच गोंद लावलास?"

मी ढोलवाल्याकडे पाहिलं. गाल लाल. बटणं एकेक मोजता येतील अशी. त्याच्यावर काहीच नव्हतं.

डिंक्याने माझ्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "त्यालाही."

ताईचा अंगठा सवयीने चकतीवर गेला. वाळू नाही, गवत नाही. कोरं लाकूड. अंगठा पुन्हा एकदा कडेकडेने फिरला आणि थांबला.

तिने ढोलवाला टेबलावर ठेवला. तो नीट उभा आहे ना, हे बोटांनी चाचपून पाहिलं.

"गाडी बोलाव," ती म्हणाली. "आणि जिन्यात माझा हात धर."