मेंढरांचं औषध

तंबाखू भिजवलेल्या पाण्याचा तो उग्र, कडवट दर्प! आजही कुठून तो आला की माझ्या अंगावर सर्रकन काटा उभा राहतो आणि निजामाच्या अमलातलं, धर्मापुरीजवळचं माझं सासर डोळ्यांपुढे येतं. घर मेंढपाळांचं. मेंढरांना खरूज झाली की तंबाखू आणि करंजाचं तेल घातलेलं हे पाणी त्यांच्या अंगाला चोळायचं. त्याचं मडकं मेंढवाड्याच्या कोपऱ्यात कायम भरलेलं. सासूबाई कुरकुरायच्या, "मेंढरं तेवढीच, मंग मडकं रितं व्हतंय कावून?" आम्ही दोघी सुना खाली मान घालून भाकरी थापत राहायचो.

त्या उन्हाळ्यात थोरल्या जाऊबाईंना, सखूबाईंना, कायमचं माहेरी धाडायचं घाटत होतं. नवऱ्याला जवळ येऊ देत नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा! दुसरी सोयरीक बघायला दीर दिंद्रुडला जाऊनही आले होते. आणि सखूबाई तोंडातून ब्र काढेनात. मग एका सकाळी मी मेंढवाड्यात शिरले, तर सखूबाई त्या मडक्यात चिंधी बुडवून लुगड्याआड स्वतःलाच लावत होत्या! माझ्या हातातली पाटी गळून पडली. जे पाणी मेंढीच्या निबर कातडीलाही झोंबतं, ते बाईच्या सर्वांत कोवळ्या जागेला?

"लई खाजतंय गं," त्या रडत म्हणाल्या. "हे लावलं की नुसती आग व्हती, पर घटकाभर खाज तरी कळत न्हाई."

केवढी ही लाज, जी आगीलाच औषध मानायला लावते! लेकीबाळींना आपण विस्तव हाताळायला शिकवतो, जात्याचा खुंटा धरायला शिकवतो. मग स्वतःच्या देहाचं साधं दुखणं सांगायला शब्द का देत नाही? तालुक्याला दवाखाना होता म्हणे. पण तिथला डॉक्टर पुरुष, त्याला सांगणार कोण?

मी धावत जाऊन गंगूमाय सुइणीला घेऊन आले. तिनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आगं, हे बाईचं आंग हाय, मेंढी न्हाई! काईबी लावू नको. साध्या पाण्यानं वरून धू, कोरडं कर. इटाळाची धडपी घोंगड्याखाली दमट ठिवता, तितूनच हे सुरू व्हतंय. ती सोच्छ धुवून उनात वाळव. आन दह्यावानी पांढरं गेलं, घाण वास आला, फोड आले, तर लाज सोडून दवाखाना गाठायचा."

दारात सासूबाई उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी! आता आभाळ कोसळणार म्हणून आम्ही थिजलो, तर त्या मटकन खाली बसल्या. "मी बी तेच लावत आले गं," त्या म्हणाल्या, "हितं नांदायला आल्यापून."

त्याच दुपारी त्यांनी मेंढवाड्याच्या कुंपणावर, भर उन्हात, आपली धडपी वाळत घातली आणि थोरल्या लेकाला बजावलं, "सून कुठं जात न्हाई. दुखणं हाय तिला." महिन्याभरात सखूबाईंची आग शमली. मडकंही मग लवकर रितं होईना.

त्या दोघी बोलल्या. मी नाही बोलले. सुइणीचं ऐकून गुपचूप बरी झाले. आज तो दर्प आला आणि वाटलं, किती दिवस लपवायचं? त्या सकाळी पाटी हातातून पडली खरी, पण डावी मूठ मी घट्ट मिटून ठेवली होती. तिच्यात माझीही चिंधी होती.