घाई दाखवायची न्हाई

"महागडा प्लेअर घेतला अन् जमला न्हाई, तर दुसऱ्या सीझनला कोणाच्या तरी गळ्यात मारता येतो. तू तर आयुष्यभराचं कॉन्ट्रॅक्ट केलंस, महेश. आता ट्रेड न्हाई!"

हे संतोषचं वाक्य. माझ्या हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती आणि मी चहाचा ट्रे घेऊन गच्चीच्या दारामागे उभी होते. मी पुढे आले. संतोष घाईघाईने उठला, ट्रे घेतला आणि म्हणाला, "वहिनी, कशाला त्रास घेतला?"

कमी बोलणाऱ्या माणसाकडे असे किस्से आपोआप साठतात. माळ्यावरच्या सामानासारखे. कधी ठेवले ते आठवत नाही, आणि टाकवतही नाहीत. मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या पोट धरून हसतात. मीही हसते. शेवटचा सोडून.

आधी गच्चीवर काय चालतं ते सांगते. अंबडच्या आमच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी पोह्यांसोबत अमेरिकेतलं बास्केटबॉल भरतं. महेश, म्हणजे माझा नवरा. त्याचे मोठे भाऊ सुनीलभाऊजी, जे पुण्याला असतात आणि लॅपटॉपच्या पडद्यावरून हजर होतात. वडीगोद्रीला हायवेवर टायरचं दुकान असलेला संतोष. आणि या तिघांना शाळेत बास्केटबॉल शिकवणारे, आता रिटायर झालेले बोर्डे सर. चौघांच्या चार टीम. खेळाडू तिकडचे खरे, टीम यांच्या कागदावरच्या. ज्याचं तिकडं जेवढं मोठं कॉन्ट्रॅक्ट, तेवढं त्याचं ओझं इथल्या टीमवर. ओझ्याला मर्यादा आहे. म्हणून एक महागडा खेळाडू घेतला की दुसऱ्यांना जागा उरत नाही. तो दुखापत होऊन बसला, तरी कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत सांभाळायचा, नाहीतर दुसऱ्याशी अदलाबदल करायची. तोच ट्रेड.

ट्रेडचा नियम महेशने मला लग्नानंतर लगेच शिकवला. "घाई दाखवायची न्हाई. ज्याला घाई, त्याचं लेव्हरेज गेलं."

"लेव्हरेज म्हणजे?"

"समोरचा अडलेला असणं."

* * *

संतोषकडे एक लंबू होता. खरं नाव मला कधी नीट म्हणता आलं नाही, सगळे लंबूच म्हणायचे. एकेकाळचा मोठा खेळाडू, आता गुडघा गेलेला, आणि कॉन्ट्रॅक्ट अजून चांगलं लांबलचक शिल्लक. संतोषच्या टीमचं अर्धं ओझं त्या एका माणसाचं.

संतोषने त्याची जाहिरात सुरू केली. "काय अनुभव हाये बाप्पा! पोरं त्याच्याकडं बघून शिकून राह्यलेत." पुढच्या रविवारी, "गुडघा बराबर झाला म्हणे." त्याच्या पुढच्या रविवारी पोहे खाता खाता, कोणी न विचारताच, "कालच त्यानं दोन जिने चढले!"

बोर्डे सर शेव घेत म्हणाले, "संतोष, बाजारात बैलाचं कौतुक मालकच करायला लागला, की लोक आधी पाय बघतात."

शेवटी महेशने लंबू घेतला. पण नुसता नाही, सोबत संतोषचा सगळ्यात चांगला नवा पोरगाही घेतला. "लंबू सांभाळायची मजुरी!" संतोष जाताना जिन्यात मला म्हणाला, "वहिनी, तुमच्या नवऱ्यानं मला सोलला." आणि मग हळूच, "पण लंबूची काळजी घ्या."

मला हसू आलं. दारात चपला घालताना मात्र त्याचे डोळे खरेच ओले होते.

* * *

एकदा महेशला भाऊजींकडचा एक शूटर, म्हणजे लांबून बास्केट टाकणारा खेळाडू, हवा होता. भाऊजी अडलेले होते, संध्याकाळी ट्रेडची मुदत संपणार होती. आता फोन उचलायचा नाही, म्हणजे ते भाव खाली आणतील, असा महेशचा हिशेब. भाऊजी नव्या नव्या नंबरवरून लावतील म्हणून त्याने फोनच बंद करून गादीखाली ठेवला आणि शांत झोपला.

सासूबाई त्या दिवशी शहागडला बहिणीकडे गेल्या होत्या. परतीची बस चुकली. मुलाला फोन, तर बंद. मी बियाण्यांच्या लॅबमध्ये होते, तिथे फोन कपाटात ठेवावा लागतो. शेवटी एका उसाच्या ट्रकवाल्याने त्यांना केबिनमध्ये बसवून थेट आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणून सोडलं.

महेश डोळे चोळत दारात आला. सासूबाईंनी पिशवी त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "काय रे, माझा बी ट्रेड केल्ता काय?"

शूटर त्याला मिळाला. त्या रात्रीची भाकरी मात्र सासूबाईंनी त्याच्या ताटात वाढली नाही, ती मी वाढली.

* * *

हा किस्सा महेशचा लाडका. माझ्यासमोरही सांगतो.

आमच्या लग्नाची बोलणी होती. माझे बाबा हसनाबादहून आलेले. त्यांच्या मनात एकच अट होती, मुलीला नोकरी करू द्यावी. ती त्यांनी वाटेत जीपमध्ये तीनदा म्हणून बघितली होती, हे मला आई सांगते. पण भाऊजींनी नुसतं "पसंत आहे" म्हटलं आणि बाबा ताडकन उभे राहून म्हणाले, "आमची काही अट न्हाई!"

"पहिल्याच कॉलला हो!" महेश टाळी देतो. "सासऱ्यांनी लेव्हरेजच ठेवलं न्हाई!"

सगळे हसतात. मला बाबांचा हातरुमाल दिसतो. उभे राहिल्यावर त्यांनी तो आधी उलगडला, मग पुन्हा घडी करून खिशात ठेवला. अटही त्यातच राहिली असावी.

नोकरी मी नंतर स्वतःच मिळवली. जालन्याच्या लॅबमध्ये ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि किती उगवलं ते मोजायचं. मला ते काम फार आवडतं. बी उगवण्याची घाई करता येत नाही.

* * *

बोर्डे सरांची टीम दरवर्षी शेवटच्या नंबरावर येते. त्यांच्याकडे एक खेळाडू आहे, तो कधी मैदानात उतरत नाही. बाकावर बसून टॉवेल हलवतो आणि सगळ्यांत आधी उठून टाळ्या वाजवतो. त्याच्या बदल्यात तिघांनीही सरांना चांगले चांगले खेळाडू देऊ केले. सर ढिम्म.

"सर, का अडवून राह्यले?" संतोष वैतागला.

"त्याच्या बायकोला त्याच गावात नोकरी लागलीय. मी वाचलं."

"सर! आपला ट्रेड कागदावरचा हाये! तो माणूस तिथंच राहणार!"

"माहीत आहे रे. पण त्याला न विचारता माझा हात होत नाही."

भाऊजी पडद्यावरून म्हणाले, "म्हणूनच सर, तुम्ही शेवटून पहिले!"

"हो," सर म्हणाले, "तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात."

* * *

आता शेवटचा.

पुण्याच्या माझ्या जाऊबाईंना, तेजूताईंना, दिवस गेले. डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं. त्यांना आई नाही. सासूबाईंचे गुडघे पुण्याचे तीन जिने चढत नाहीत. कोणीतरी जायला हवं होतं.

तेजूताई मला रोज दुपारी फोन करतात. लग्नात माझ्या पदराची पिन टोचत होती, ते फक्त त्यांनाच कळलं होतं. म्हणून शनिवारी मी लॅबमधल्या मॅडमना बिनपगारी रजा मागितली. मॅडम म्हणाल्या, "दोन महिने जागा धरून ठेवते. त्याच्या पुढे जमणार नाही." दोन महिने मी, मग तेजूताईंची मावशी येणार होती; ते आम्ही दोघींनी फोनवर ठरवलं होतं. घरी आल्यावर मी बॅग काढून पुसून ठेवली. रविवारी कोणीतरी विचारेल, मग सांगू, असं म्हटलं. विचारल्यावर हो म्हणायचंही एक सुख असतं.

रविवारी मी चहा घेऊन गच्चीच्या दाराशी आले.

"सहा महिने लागतील," भाऊजींचा आवाज. "मावशीबिवशीचं काही खरं न्हाई."

"सहा महिने म्हणजे लई झालं, दादा," महेश म्हणाला. "तिची नोकरी जाईल."

मला बरं वाटलं. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "बदल्यात काय देतो?"

संतोष खो-खो हसला. "दादा अडलेत! महेश, सोडू नको!"

"माझा सेंटर देतो, टीममधला सगळ्यात उंच गडी," भाऊजी म्हणाले. "अन् लंबूचं कॉन्ट्रॅक्ट माझ्याकडं घेतो."

"सेंटर, लंबू, अन् यंदा आपल्या मोसंबीच्या बागेचा व्यापारी तू येऊन बघायचा."

"बागेचं जमवतो. पण सहा महिने पक्के. नोकरी काय, परत मिळते."

"परत मिळंल," महेश म्हणाला. "डन!"

लॅपटॉपमधून टाळी वाजली. बोर्डे सरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, दाराकडे पाहिलं, आणि मी त्यांना दिसले.

मी पुढे गेले. सरांना कप दिला, संतोषला दिला. महेश खुशीत होता. "बरं झालं आलीस! लंबू गेला आपला!" मग माझ्या तोंडाकडे बघून जरा हळू आवाजात, "म्हणजे, गंमत गं. तसंही कोणाला तरी जावंच लागणार होतं ना."

त्याचा कप मी ट्रेमध्येच ठेवला. पडद्यावर भाऊजी वाट बघत होते. त्यांच्या मागे दार अर्धं उघडं होतं आणि पलंगाचा कोपरा दिसत होता.

मी म्हणाले, "मला विचारलं असतं, तर फुकट गेले असते. आता बोला."