सगुणाबाईंचे खळे

ज्याच्या येण्याला तिथी नसते तो अतिथी, आणि त्याच्यासाठी ज्याचे दार कोणत्याही तिथीला उघडे असते तो यजमान. संपन्न घरांत हा गुण समारंभापुरता दिसतो. दरिद्री माणसाच्या ठायी तो कधीकधी प्रकृतीच होऊन बसतो, आणि प्रकृतीपासून मनुष्याला पळून जाता येत नाही.

ठाण्याच्या खाडीकाठी एका कोळीवाड्यात सगुणाबाई राहत. वैधव्यानंतर त्यांच्यापाशी एक खळे तेवढे उरले होते. खळे म्हणजे कोळंबी वाळवण्याची सारवलेली मोकळी जागा. तिथल्या सुकटीवर त्यांची चूल पेटे. खळ्यापलीकडे तिवरांचे गर्द वन, भरतीचे संथ जल, माडांची झुकलेली रांग. हे लावण्य पाहायला वर्तकनगर, डोंबिवलीकडची कुटुंबे येऊ लागली. सगुणाबाई त्यांना हाक मारून सावलीत बसवीत, तांब्याभर पाणी देत, तळलेली कोळंबी पुढे करीत. तृप्त माणसे इतरांना सांगत. अशी त्या जागेची कीर्ती सगुणाबाईंनीच वाढवली.

दिराचा मुलगा सुदेश पाहुण्यांना होडीतून फिरवी. ज्येष्ठात तो आला.

"काकी, पावसात खलं मोकलंच असतं ना? पाहुण्यांना बसायला दे. नारली पुनवेला तुजं तुला परत."

"पाहुण्यांना नाय कशी म्हनू रं? घे."

त्या वाड्यात खळ्याचा कागद नसे. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या उघडिपीला जिने जिथे कोळंबीची पाटी पसरली, तिचे ते खळे, असा रिवाज होता. पसरलेली पाटी सूर्यास्तापूर्वी उचलली, की हक्क सुटला.

पौर्णिमा झाली, ऊन पडले. सगुणाबाई पाटी घेऊन आल्या, तो सारवणाच्या जागी गुळगुळीत फरशी आणि वर बाके. क्षणभर त्या थबकल्या. मग फरशीवरच त्यांनी कोळंबी पसरली.

बाकावरच्या एका बाईने नाकाला ओढणी लावली. "शी! कसला वास हा! अहो, चला ना, मळमळतंय मला."

"थांबा, ताई, दोनच मिनिटं!" सुदेश हसला. "आमची काकी आहे. तिला वाटतं, अजून तिचंच राज्य." मग तो सगुणाबाईंकडे वळला. कुठे घाव घालायचा, हे त्याला ठाऊक होते. "काकी, तुज्या दारातून पाहुनी नाक दाबून जाते बघ. जाव दे तिला?"

होडीपाशी वाड्याचे पंच उभे होते. त्यांच्यातल्या दोघांची त्या होडीत भागी होती.

सगुणाबाईंनी त्या बाईच्या पाणावलेल्या डोळ्यांकडे पाहिले. मग गुडघे टेकून त्यांनी एकेक कोळंबी वेचून पाटीत भरली. "बस बाय, बस. गेला वास."

पंचांनी सायंकाळी हक्क सुटल्याचे जाहीर केले.

सुदेशने काकीला उपाशी ठेवले नाही. त्याने तिला हिरवे लुगडे नेसवले, खोटे दागिने घातले, हाती प्लास्टिकचा पापलेट दिला आणि त्याच फरशीवर पाहुण्यांच्या फोटोंसाठी उभे केले.

"आजी, हसा ना!"

"मासा जिवंत असल्यासारखा धरा हो!"

"ह्याला वास नाही ना? मग बाळाला द्या जरा."

त्या हसत. छायाचित्र निघाले, की प्रत्येकाला विचारत, "पानी देव, बाय?" सुदेशने तेही थांबवले. "फुकट पानी पाजशील, तर माज्या बाटल्या कोन घेल, काकी?" त्यानंतर त्या नुसत्याच उभ्या राहत.

तिसऱ्या वर्षी माघातल्या एका रविवारी, फरशीवरच, उन्हात त्या कोसळल्या. रोहित पक्षी पाहायला आलेल्यांची रांग लागली होती. होड्या थांबल्या नाहीत. तिरडी मागच्या गल्लीने नेली, कारण पुढल्या वाटेवर फोटो काढणे चालू होते.

खळे राहिलेले नाही. हिरवे लुगडे आता सुदेशची बायको मालन नेसते. मासा तोच आहे.