‘प्रति’च्या पुढे

पारूमावशींची विहीर परवा मंगळवारी सकाळी दहा वाजता बुजवली. परदेशातल्या एका विकास बँकेच्या कर्जातला रस्ता त्यांच्या शेतातून जातोय. मी त्यांच्या वतीने तक्रारीचा अर्ज लिहायला बसलो आणि ‘प्रति,’ लिहून थांबलो. स्वल्पविरामावर शाईचा ठिपका पसरत गेला. तहसीलदार म्हणतात, आराखडा बँकेचा. बँकेचा माणूस म्हणतो, आमच्यावर इथल्या कोर्टात दावा चालत नाही.

“एवढा शिकलास मेल्या, नि एक नाव लिहिता येईना?” मावशी म्हणाल्या.

खरंच येईना. सरपंचाच्या दारात जाऊन निदान ओरडता येतं. हुकूम चालतो पण दार सापडत नाही, अशाला सरकार म्हणायचं की आणखी काही? मावशी मात्र परवापासून दोन मैलांवरून पाणी आणतायत. तुम्ही आजच आपल्या आमदाराला फोन करा आणि विचारा, मावशींना जाब देणार कोण?